दोन मिनिटं, देव वगळून

चर्चच्या पाळकांची सुटी सोमवारी असते. रविवारी सगळं जग सुटीवर असताना ते कामावर असतात, आणि सोमवारी सगळं जग कामाला लागलं की ते घरात पायांत पायांत येतात. यावर तोडगा म्हणून पाळकीणबाईंनी सोमवारचे बटाटे त्यांच्याकडे सोपवले होते. मुलगी आली तेव्हा पाळकसाहेब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बटाटा सोलत होते. साल एकसंध निघावी म्हणून त्यांनी जिभेचं टोक दातांत धरलं होतं.

"पप्पा, मी लग्न करतेय."

साल तुटली.

"लिफ्टवाल्याशी?"

"लिफ्टवाल्याशीच. दुसरं कोण आहे?"

लिफ्टवाला म्हणजे साधासुधा माणूस नव्हता, अभियंता होता. उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासून त्या माणसांना न्यायच्या लायकीच्या आहेत की नाहीत ते ठरवायचा. तो पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हा पाळकीणबाईंनी त्याचं काम नीट समजून घेतलं होतं आणि तो गेल्यावर नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "म्हणजे तुमच्यासारखंच की. लोकांना वर न्यायचं. फक्त त्याचे पोचतात."

पाळकसाहेबांनी सुरी खाली ठेवली. "मग ऑर्गनवालीला आत्ताच सांगून ठेवायला हवं. ती बहिणीकडे गेली की महिना महिना येत नाही. आणि मधल्या वाटेवरची ती फरशी—"

"पप्पा, चर्चमध्ये नाही. नोंदणी कार्यालयात करतोय. मग तिथून जवळच्याच सभागृहात जेवण." मुलीनं तुटलेली साल उचलून बोटाभोवती गुंडाळली. "तुम्ही यायचंच. तुमच्याशिवाय होणार नाही. पण पप्पा म्हणून या. पाळक म्हणून नको."

"आम्हा दोघांत बुटांचा जोड एकच आहे."

"बघा, हे असं."

"म्हणजे झगा नको?"

"झगा नको, पुस्तक नको, प्रार्थना नको. जेवणाआधीचीसुद्धा नको."

"जेवणाआधीची तर छोटी असते."

"तुमची?" ओट्याशी उभ्या पाळकीणबाई मागे न वळता म्हणाल्या. "तुमच्या छोट्या प्रार्थनेत या घरातलं अन्न आजवर गरम राहिलेलं नाही. तिला लहानपणी वाटायचं, जेवण गारच असतं."

मुलगी हसली. पाळकसाहेबही हसले. मग त्यांनी दुसरा बटाटा घेतला आणि त्याची साल जाड काढली, इतकी जाड की पाळकीणबाईंना वळून बघावं लागलं.

त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण मुलगी जन्मली त्या दिवसापासून एक आशीर्वाद त्यांनी बाजूला काढून ठेवला होता. गावातली निम्मी लग्नं त्यांनी लावली होती. सगळ्यांना चांगलेच आशीर्वाद दिले होते, त्यात हात आखडता घेतला नव्हता. पण हा नव्हता दिला. घरात एखादी कपबशी पाहुण्यांसाठीसुद्धा बाहेर निघत नाही, तसा तो होता. वर्षानुवर्षं, शवपेटीमागून चालताना किंवा दाताच्या डॉक्टरकडे ताटकळताना, ते त्यातला एखादा शब्द बदलत, एखादा काढत. आता तो इतका नितळ झाला होता की बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि आता तो म्हणायला मनाई होती.

*

मुलगी देवावर रागावली होती असं नाही. भांडण झालं असतं तर ते मिटवता आलं असतं, पाळकसाहेबांचा तो हातखंडा होता. पण ती नुसती हळूहळू मागे सरकत गेली. पहिल्या बाकावरून मधल्या बाकावर, मधल्यावरून शेवटच्या, मग दाराबाहेरच्या पायरीवर, मग दुसऱ्या शहरात. एकदा त्यांनी विचारलंच, तर म्हणाली, "पप्पा, मला तिथं काही ऐकू येत नाही." हे ती कान तपासण्याचं शिक्षण पुरं करून आल्यावर म्हणाली, त्यामुळे वाद घालायची सोयच राहिली नाही.

शिकून ती परत आली आणि तिनं बाजारपेठेत दवाखाना थाटला. चर्चमधल्या म्हाताऱ्यांना ऐकू येण्याची यंत्रं बसवली ती तिनंच. म्हणजे दर रविवारी ती स्वतः येत नसे, पण तिची यंत्रं येत. पूर्वी उपदेश न ऐकू आल्यामुळे ज्यांचं पाळकसाहेबांबद्दल फार चांगलं मत होतं, त्यांना आता शब्द न् शब्द ऐकू यायला लागला आणि तक्रारी सुरू झाल्या.

लहानपणी मात्र ती फार नेमानं यायची. उपासना संपली की पाळकसाहेब मोठ्या दाराशी उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत. आता त्याला फार वेळ लागत नाही, आता तर हात मिळवून झाल्यावर ते कधीकधी दारालाच टेकून उभे राहतात. पण तेव्हा रांग मधल्या वाटेपासून थेट ऑर्गनपर्यंत जायची. पाळकगृहाकडे जायला बाजूचं दार होतं. पाळकीणबाई त्या दारानं घरी जात आणि मुलीलाही बोलवत. मुलगी जात नसे. ती रांगेत उभी राहायची, मोठ्यांच्या कोटांच्या मध्ये, आपला नंबर येईपर्यंत. रविवारी वडील सगळ्या गावाचे असतात आणि त्यातला आपला वाटा घ्यायचा तर रांगेतूनच घ्यावा लागतो, हे तिनं फार लवकर ओळखलं होतं.

तिच्यापुढे बहुधा घड्याळजी असायचे. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि चर्चमध्ये ते मंडळीचे वडीलधारे पुढारी. उपदेशाच्या सुरुवातीला ते मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवत. दारात आले की दर रविवारी तेच बोलत: "उपदेश छान झाला, पाळकसाहेब. पण लांबला." त्यांच्यामागून ती यायची, हात पुढे करायची आणि तितक्याच गंभीरपणे म्हणायची, "उपदेश छान झाला, पाळकसाहेब. पण लांबला."

"पुढच्या वेळी लक्ष ठेवतो, बाई."

मग ती मान खाली घालायची. सगळ्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून ते दोन ओळींचा आशीर्वाद म्हणत, तसा तिच्याही म्हणत. तो तिला इतका पाठ होता की शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच हाताखालून डोकं निसटलेलं असायचं आणि ती पायऱ्यांवरून खाली पळालेली असायची.

*

काळ बदलला असं सगळे म्हणतात, त्यामुळे पाळकसाहेब ते म्हणत नसत. लोक काही वाईट झाले नव्हते. उलट फार सभ्य झाले होते. चर्चवरून जाताना आवाज कमी करत, रंगीत काचांचे फोटो काढत, आणि आत डोकावून म्हणत, "किती शांत वाटतं हो तुमच्याकडे." शांत का वाटतं याचं कारण पाळकसाहेबांना ठाऊक होतं. माणसं नव्हती म्हणून.

एका जोडप्यानं येऊन विचारलं होतं, मधल्या वाटेवर दुपारचा उजेड सुंदर पडतो, तर लग्न इथं करता येईल का? येईल की, पाळकसाहेब म्हणाले. मग त्यातल्या नवरीनं चाचरत विचारलं, "देवाचं किती असेल त्यात?" जणू तिखट किती घालता असं विचारावं.

त्यांना सगळ्यात जास्त आठवण यायची ती गणिताच्या मास्तरांची. मास्तर कट्टर नास्तिक. दर गुरुवारी संध्याकाळी पाळकगृहाच्या व्हरांड्यात येऊन बसत आणि देव नाही हे सिद्ध करत. त्यासाठी त्यांनी पवित्र शास्त्र पाळकसाहेबांपेक्षा बारकाईनं वाचलं होतं. आवाज इतके चढत की शेजारचे खिडक्या लावून घेत. "तुमचा देव गणितात नापास आहे!" मास्तर ओरडत, आणि पाळकसाहेब ओरडत, "त्याला तुम्ही शिकवलं नाही ना!" मग पाळकीणबाई चहा आणत आणि देवाचा निकाल पुढच्या गुरुवारपर्यंत तहकूब होई. मास्तर वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठलाही विधी झाला नाही. पाळकसाहेब नुसतेच जाऊन उभे राहिले, आणि त्यानंतरचे कितीतरी गुरुवार व्हरांड्यातल्या दोन खुर्च्या आत घ्यायला विसरले.

तसा नास्तिक आता मिळत नाही. आता मिळतात ते "माझा कशालाच विरोध नाही" म्हणणारे. त्यांच्याशी काय बोलायचं? देव आहे म्हटलं तर "छान" म्हणतात. नाही म्हटलं तरी "छान"च म्हणतील.

अशा मनःस्थितीत ते पुढच्या सोमवारी बटाटे टाकून मुलाच्या आईला भेटायला गेले.

विहीणबाई रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट अर्थातच उत्तम चालत होती. स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीनं दूध मोजून कॉफीत घातलं, कप पुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"तुम्ही पाळक. मी काही मानत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कॉफी निवांत पिता येते."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"कुठलीतरी एक शक्ती आहे, असं वगैरे?"

"गुरुत्वाकर्षण मानते."

पाळकसाहेबांना एकदम बरं वाटलं. ते खुर्चीत पुढे सरकून बसले, मास्तर व्हरांड्याची पायरी चढताना दिसले की बसायचे तसे. पण विहीणबाई वाद घालायला बसल्या नव्हत्या.

"तर एक विनंती आहे. मुलांनी सांगितलंच असेल, पण मी स्वतः सांगते, म्हणजे त्यांच्यावर यायला नको. लग्नात प्रार्थना नको. उघड नको आणि चोरून तर नकोच. हल्ली करतात ना, 'या दोघांच्या वाटेवर प्रकाश राहो' असं काहीतरी, कुणाला कळू नये म्हणून? मला कळतं. वेश बदलून आली तरी प्रार्थना ओळखते मी."

"मी विचारू का—"

"विचारा." पण त्यांनी विचारायची वाट पाहिली नाही. "माझा नवरा शेवटी हॉस्पिटलात होता. तिथं तुमच्यातला एकजण यायचा. आम्ही बोलावलं नव्हतं. उशाशी उभा राहून मोठमोठ्यानं प्रार्थना करायचा. ह्यांना आवडायचं म्हणून मी गप्प. एक दिवस म्हणाला, हे बरे होत नाहीयेत, कारण या घरात विश्वास कमी पडतोय. माझ्याकडे बघून म्हणाला. मुलगा शेजारी उभा होता, परीक्षा सोडून आलेला." त्यांनी कपाची बशी जागच्या जागी फिरवली. "मी काही बोलले नाही. ह्यांना नुकती झोप लागली होती."

पाळकसाहेबांकडे अशा वेळी द्यायची उत्तरं होती. ती चांगली होती, तपासलेली होती, आणि त्यांतली काही तर खरीही होती. तो माणूस आमच्यातला नव्हताच, असंही म्हणता आलं असतं. पण तो आपल्यातलाच होता हे त्यांना कळत होतं. तेच शब्द, तेच उभं राहणं, तोच वर केलेला हात.

"शब्द देतो," ते म्हणाले. "उघड नाही, आणि वेश बदलूनही नाही."

"पण दोन मिनिटं बोला मात्र. मुलीचे वडील मुके आहेत की काय असं वाटायला नको लोकांना."

घरी येताच त्यांनी दारातूनच सांगितलं, "अगं, खऱ्याखुऱ्या नास्तिक आहेत!"

"अहो, जरा हळू. जसं काही लॉटरी लागली."

मग त्यांनी हॉस्पिटलचं सांगितलं. पाळकीणबाईंनी ओला हात पदराला पुसला.

"मग बरोबरच आहे त्यांचं," त्या म्हणाल्या.

"हो. तेच तर."

*

दोन मिनिटांचं, देव वगळून केलेलं भाषण लिहायला पाळकसाहेबांना जितका त्रास झाला, तितका देव घालून तासाचं लिहायला कधी झाला नव्हता. पाळकीणबाईंना समोर बसवून ते वाचून दाखवत. त्या शेंगा निवडता निवडता परीक्षा घेत.

"लग्न म्हणजे घर बांधणं. आणि घराला पाया लागतो. तो पाया जर—"

"खडकावर असला तर. गेलं. ओळखतील त्या."

"मग वेल घेतो. द्राक्षाची."

"नको."

"दिवा?"

"कशाखाली झाकणार? नको."

"मीठ?"

"मीठ चालेल. पण जेवणाच्या आधी मिठावर बोललात तर स्वयंपाकी घाबरेल."

पाळकसाहेबांनी कागद उलटा केला. इतकी वर्षं आपण ज्या उपमांवर घर चालवलं, त्यांतली एकही आपली नाही, सगळ्या पवित्र शास्त्रातल्या, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. माणसानं दुसऱ्याच्या बंगल्यात आयुष्य काढावं आणि किल्ली परत मागितल्यावर कळावं, की आपली म्हणून एक पिशवीसुद्धा नाही, तसं झालं.

शेवटी त्यांनी काहीतरी जुळवलं. दोघं समंजस आहेत, एकमेकांचं ऐकून घेतात, ऐकणं हा तर मुलीचा व्यवसायच आहे, वगैरे. पाळकीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"यात देव नाहीये," त्या म्हणाल्या. "पण यात तुम्हीही नाही."

"मग काय सांगू?"

"ती रांगेत उभी राहायची, ते सांगा."

पाळकसाहेबांनी कागदाची घडी घातली. खिडकीतून व्हरांड्याकडे बघत राहिले.

"ते मला सांगता यायचं नाही," ते म्हणाले.

*

नोंदणी अधिकारी बाईंचं काम चोख होतं. पाळकसाहेबांनी ते एका व्यावसायिकानं दुसऱ्याचं बघावं तसं बघितलं. आवाज स्पष्ट होता आणि दोघांची नावं नीट घेतली. शेवट मात्र गुंडाळला. सह्या झाल्यावर बाई नुसत्या "झालं" म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावलं. आपण शेवट कधी असा केला नसता, असं त्यांना वाटलं, आणि लगेच असंही वाटलं, की म्हणूनच आपले उपदेश लांबायचे.

सभागृह ग्रंथालयाच्या वर होतं. एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी टेबलक्लॉथ, आणि वाढायच्या बाजूला झाकलेली भांडी. पुढे लिफ्टवाल्याचे सहकारी होते, दवाखान्यातल्या पोरी होत्या, विहीणबाईंचे जुने विद्यार्थी होते. मागच्या दोन टेबलांवर चर्चची मंडळी होती. पुढे जागा असूनही ती मागे बसली होती. कुठल्याही खोलीत ती मागेच बसे. घड्याळजी त्यांत होते, नव्वदीला टेकलेले, दोन्ही कानांत मुलीनं बसवलेली यंत्रं.

पाळकसाहेबांनी साधा करडा सूट घातला होता. गळ्याशी मोकळं मोकळं वाटत होतं, आणि ते सारखं कॉलर चाचपत होते. पाळकाची पांढरी पट्टी तिथं नव्हती.

जावयानं माइक त्यांच्या हातात दिला. "पप्पा, दोन मिनिटं," तो प्रेमानं म्हणाला. त्यांनी माइक स्टँडला अडकवला, खिशातला कागद काढला आणि चष्मा लावला.

सभागृह शांत झालं. कुजबुज थांबली. कुठंतरी एक खुर्ची करकरली आणि तीही थांबली. ती शांतता पाळकसाहेबांच्या फार ओळखीची होती. उपासनेच्या अगदी शेवटी, लोक घरी जायला निघण्याच्या आधी, जी पसरते ती. आता फार वर्षांत इतक्या माणसांची शांतता त्यांनी ऐकली नव्हती. मुलगी समोर उभी होती, केस मागे बांधलेले, आणि तिची मान लहानपणी रांगेत दिसायची अगदी तशीच दिसत होती.

कागद टेबलावर राहिला. त्यांचे दोन्ही हात वर गेले.

ते त्यांनी वर केले नव्हते. हात आपले आपण गेले, इतक्या वर्षांच्या रविवारी जात तसे, तळवे पुढे करून.

सगळ्यात आधी घड्याळजी उठले. टेबलाचा आधार घेऊन, गुडघे करकरवत, पण उठले. त्यांच्यामागून मागची दोन्ही टेबलं उठली, एका दमात, जशी शेवटच्या आशीर्वादाला मंडळी उठते. मग त्यांच्या पुढचं टेबल उठलं, कारण मागचे उठले होते. एक टेबल उठलं की शेजारचं उठतं, माणसांचं असंच आहे. कुणाला वाटलं राष्ट्रगीत आहे, कुणाला वाटलं फोटो आहे. लिफ्टवाल्याच्या एका सहकाऱ्यानं उभं राहता राहता तोंडातला पेढा घाईघाईनं गिळला. दवाखान्यातल्या पोरींनी हात पुढे बांधले, आणि त्यातल्या एकीनं तर डोळेही मिटले. आपण कशासाठी उभे आहोत हे कुणालाच माहीत नव्हतं, पण कसं उभं राहायचं हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी विहीणबाई उठल्या. सगळं सभागृह उभं असताना एकटीनं बसून राहणं हाही तमाशाच झाला असता. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि पाळकसाहेबांकडे बघू लागल्या. रागानं नाही. नळीतलं द्रावण कुठला रंग घेतंय ते बघावं, तशा.

आणि शब्द आले. ते बाजूला काढून ठेवलेले, शवपेटीमागून चालता चालता घासलेले. सगळेच्या सगळे, एकही न विसरता, जिभेच्या टोकाशी येऊन उभे राहिले. पाळकसाहेबांना वाटलं, यासाठीच तर होतं ना सगळं? इतकी माणसं, अशी उभी, अशी शांत, आणि त्यांच्यामध्ये ती. एक श्वास घ्यायचा अवकाश होता. विहीणबाईंना दुखलं असतं, पण त्यांनी तक्रार केली नसती. त्या पूर्वीही गप्प राहिल्या होत्या.

तेवढंच आठवलं, आणि पुरलं. मुलीचा चेहरा उतरला होता. तिच्या नवऱ्याचा हात तिनं घट्ट धरला होता. लिफ्टवाला मात्र तिच्याकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता.

पाळकसाहेबांचे हात अजून वरच होते. ते त्यांनी सावकाश खाली घेतले.

"बसा," ते म्हणाले.

सगळे बसले.

"जेवून घ्या. गार होतंय."

 मग मागून घड्याळजींनी मनगटाकडे बघितलं आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. कुणीतरी मोठ्यानं हसलं, झाकणं निघाली, वाफ वर आली, आणि मुलीच्या लग्नातलं जेवण अगदी गरम निघालं.

*

जेवण उरकल्यावर विहीणबाई पाणी घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुम्ही मला उभं केलंत."

"चुकून हो."

"माहीत आहे. हात आधी गेले, तुम्ही मागाहून. बघत होते मी." त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "म्हणायचं होतं ना काहीतरी?"

"होतं."

"मोठं होतं?"

"घड्याळजी म्हणाले असते, लांबलं."

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदी टेबलक्लॉथवरची सुरकुती बोटानं सरळ केली. "तो माणूस होता ना हॉस्पिटलातला, त्याला कुणी एकदा 'बसा' म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "गुरुवारी काय करता तुम्ही?"

"काही नाही. का?"

"मुलगी सांगत होती, पूर्वी तुमच्या व्हरांड्यात कुणीतरी येऊन भांडायचं. मला काही पटायचं नाही. पण चहा कसा करता?"

"मोजून करत नाही."

"मग आधी त्यावरच बोलू."

त्या उठून गेल्या. पाळकसाहेब बसून राहिले, आणि लोक निघायला लागले तसे आपण कुठे जातोय हे न कळताच उठले. भानावर आले तेव्हा ते सभागृहाच्या दाराशी उभे होते आणि लिफ्टवाल्याच्या कुणा सहकाऱ्याशी हात मिळवत होते. पाय आपले आपण आले होते. आज सगळंच आपलं आपण चाललं होतं. त्यांना वाटलं, बाजूला व्हावं. पण लोक थांबत होते. रांग लागली होती. माणसांना दारात कुणी हात पुढे केला की आवडतं, तो कोण आहे याची चौकशी ती नंतर करतात. दवाखान्यातल्या पोरी आल्या. डोळे मिटणारी म्हणाली, "काका, मला वाटलं तुम्ही आता गाणार." चर्चची मंडळी आली. घड्याळजींनी हात हातात धरून ठेवला, तोंड उघडलं, आणि म्हणायला काहीच सापडेना म्हणून नुसतीच मान हलवून जिना उतरू लागले.

रांग संपली असं वाटलं. सभागृहात पाळकीणबाई उरलेलं डब्यात भरून घेत होत्या. पाळकसाहेब दाराला टेकणार, तेवढ्यात पुढे एक हात आला.

मुलगी होती. रांगेच्या शेवटी उभी राहिली होती, आपला नंबर येईपर्यंत. तिचा नवरा मागे भिंतीशी थांबला होता, तिची पर्स हातात धरून.

"उपदेश छान झाला, पाळकसाहेब," ती म्हणाली. आवाज गंभीर ठेवायचा प्रयत्न होता, तो शेवटी फसला. "आज लांबला नाही."

पाळकसाहेबांनी तिचा हात हातात घेतला. "पुढच्या वेळीही लक्ष ठेवतो, बाई," असं म्हणायचं होतं. त्यातलं फक्त "बाई" बाहेर आलं.

तिनं मान खाली घातली.

ते तसेच उभे राहिले. शब्द दिलेला होता, उघड नाही आणि वेश बदलूनही नाही. त्यांनी सभागृहाकडे बघितलं. विहीणबाई लांब खिडकीशी होत्या आणि खुर्च्या एकात एक लावत होत्या. त्यांनी इकडे पाहिलं आणि पुन्हा खुर्च्यांकडे वळल्या, लगेच आणि जरा जास्तच लक्ष देऊन.

पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलू दिले नाहीत. तो मोठा, नितळ, बाजूला काढून ठेवलेला आशीर्वाद या वेळी आलाच नाही. आला तो दोन ओळींचा, सगळ्या मुलांचा, दारातला. तो त्यांनी मनातल्या मनात म्हटला. घाई केली नाही आणि लांबवलाही नाही. खाली जिन्यात घड्याळजींची काठी एकेक पायरी मोजत होती.

शेवटचा शब्द मनात संपला, आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या हाताखालून तिचं डोकं निसटलं.